विहिणीचं गाणं आणि नियम अकरा

१ डिसेंबर, सोमवार

आज काय घडलं ते क्रमाने:

१. सकाळी १०.४० ला ऑफिसात एक वयस्क गृहस्थ आले. नाव मारोतराव. गाव हिंगण्याच्या पुढे अठरा किलोमीटर.
२. त्यांच्याजवळ एक चिठ्ठी होती. त्यावर आमच्या कंपनीचं नाव आणि खाली 'नागपूर'. एका माहितीपटाच्या शेवटी बारीक अक्षरांत येतं, तिथून उतरवलेलं.
३. त्या माहितीपटात त्यांच्या मुलीच्या लग्नातलं एक गाणं आहे. त्यांची बायको रंभाबाई ते गाते.
४. गाण्यात दोन ठिकाणी शब्दांवर 'पीं' असा आवाज आहे.
५. तो आवाज मी टाकला आहे.
६. त्यांची मुलगी वेदिका गरोदर आहे. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती. तिची सासू आता तिला पाठवायला तयार नाही.

पाच आणि सहा यांच्या मधलं मला अजून नीट कळलेलं नाही.

मारोतराव मीटिंगच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसले होते. म्हणाले, "बाई, तो आवाज कोन टाकते? साहेब कुठी हायेत?"

"साहेब नाही. मी टाकते."

"तुम्ही? तुम्ही तं लेकरू दिसता." मग पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "मंग काढून टाका ना. चार दिवसांत निघते का? पोरीले सातवा चालू हाय. बावीस तारखेले आठवा लागते. आठव्यात आमच्यात पोरगी हालवत नाहीत."

मी म्हटलं, नियमाप्रमाणे टाकावा लागतो, मला काढता येत नाही. ते म्हणाले, "शब्द तुम्ही झाकला, अन् सारं गाव तो आपापल्या मनानं पुरा करून राहिलं."

जाताना उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून गेले. भेटवस्तू घ्यायला कंपनीत मनाई आहे. परत करायला मी जिन्यापर्यंत गेले, पण ते रस्ता ओलांडून गेले होते.

२ डिसेंबर, मंगळवार

रात्री बाबांचा पुण्याहून फोन. चार मिनिटं दहा सेकंद. माझ्या भावाकडे, विक्रमकडे, ते बरे आहेत, नातू शाळेत जातो. मी काय काम करते, हे त्यांनी पुन्हा विचारलं. दर दोन महिन्यांनी विचारतात.

"म्हणजे सेन्सॉर?"

"नाही. सरकारचा संबंध नाही. एकच फिल्म वेगवेगळ्या देशांत जाते. प्रत्येक वाहिनीची काय दाखवायचं नाही याची यादी असते. त्या यादीप्रमाणे मी प्रती करते. एकाला चुंबन नको, एकाला दारूची बाटली नको. विमान कंपनीला विमान पडताना नको."

"आणि आपल्याला काय नको?"

"आपल्याला म्हणजे कोणाला?"

ते हसले. म्हणाले, जेवलीस का. मी हो म्हटलं. शेंगा खाल्ल्या होत्या, त्यामुळे ते खोटं नव्हतं.

३ डिसेंबर, बुधवार

मूळ ध्वनी काढून ऐकला. एकवीस सेकंद.

आली वं आली इहीनबाई, सरका वं सरका बाई,
पोत्यावानी पोट तिचं, मांडवात मावत नाही.
हत्तीण बसली बाजेवर, बाजेले लावा इटा,
उठवाले लागन तिले गडी एक मोठा.

लग्नात मुलीकडच्या बायका मुलाच्या आईला असं गाऊन चिडवतात. विहीण रुसल्यासारखं करते, मग गाणाऱ्यांना साखर वाटते. माहितीपटात हे निवेदनात सांगितलंही आहे.

वाहिनी उत्तरेकडच्या एका थंड देशातली. जगभर त्यांची हीच प्रत दिसते. त्यांच्या यादीत उघड्या अंगाबद्दल एकही नियम नाही. याच माहितीपटात नदीवर आंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्या बाईची पाठ आणि छाती दिसते, ते तसंच ठेवायचं होतं. पण नियम अकरा: शरीराच्या आकारावरून कोणाचीही टवाळी ऐकू येऊ नये. म्हणून मी 'पोत्यावानी पोट' आणि 'हत्तीण' यांवर आवाज टाकला. एक पूर्णांक चार सेकंद आणि शून्य पूर्णांक सात सेकंद. अख्खी ओळ न घालवता तेवढंच झाकलं. तपासणीत मला पूर्ण गुण मिळाले होते.

पियूष शेजारच्या टेबलावर असतो. त्याला म्हटलं, माझी प्रत ऐक, काही चुकलं आहे का सांग. त्याने हेडफोन लावला आणि दुसऱ्या ओळीला खुर्चीवरून पडायचाच राहिला.

"अबे, हे काय केलं तू?"

"काय?"

"ऐक ना. 'पीं तिचं, मांडवात मावत नाही.' काय मावत नाही? अन् पुढे, 'पीं बसली बाजेवर', 'गडी एक मोठा'! अदिती, त्या बिचाऱ्या बाईनं साधी गंमत केली होती. तिला चावट तू केलं."

मी पुन्हा ऐकलं. तो म्हणतो ते बरोबर आहे. मी जे काढलं ते दहा वेळा तपासलं होतं. जे उरलं ते एकदाही ऐकलं नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

रंभाबाईंचा फोन. माझा नंबर मारोतरावांनी रिसेप्शनवरून नेला होता. चौदा मिनिटं.

"त्याच तुम्ही का, झाकनाऱ्या?"

"हो."

"मंग मले सांगा, माह्या डोक्शावरचा पदर पडला ते झाकलं नाही काहून?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, "गाता गाता पदर घसरला माहा. मांगं माहे जेठ उभे हायेत. साऱ्या दुनियेनं पाह्यलं, रंभा उघड्या डोक्शानं जेठासमोर नाचून राहिली. ते झाकाचं सोडून माहं गानं झाकलं! गान्यात काय होतं? पोटाले पोट म्हनू नाही तं काय म्हनू?"

मी संगणकावर तो भाग काढला. पदर घसरतो तिथपासून त्या तो सावरतात तिथपर्यंत एक्केचाळीस चौकटी, म्हणजे फ्रेम. पावणेदोन सेकंदांहून कमी. मागे पांढऱ्या टोपीतले गृहस्थ, म्हणजे त्यांचे थोरले दीर, आहेत. मी ही दृश्यं निदान तीसदा पाहिली असतील. कोणत्याही देशाच्या यादीत यासाठी ओळ नाही.

तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग यादी करनाऱ्यानं आमाले इचारलं नाही, इतलंच."

लग्नाचा व्हिडिओ नाही का, असं मी विचारलं. आहे म्हणाल्या, पण व्हिडिओवाल्याने पूर्ण लग्नावर सिनेमाची गाणी टाकली आहेत. त्यांचं गाणं कुठेच नाही. म्हणजे ते फक्त आमच्या सर्व्हरवर आणि वाहिनीकडे आहे.

शेवटी विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन हाय?"

मी म्हटलं, "मीच."

"अन् सैपाक?"

"मीच."

"एकटीसाठी कनीक भिजवाचा कंटाळा येत असन."

या प्रश्नांचा कामाशी संबंध नव्हता. तरी त्यांच्यामुळे कॉल पाच मिनिटांनी लांबला, म्हणून नोंद.

६ डिसेंबर, शनिवार

सुट्टी. ऑफिसला गेले. मूळ ध्वनी अकरा वेळा ऐकला, तपासणीसाठी. गाणाऱ्या बायका आठ किंवा नऊ आहेत. एक सतत अर्धा ताल उशिरा येते. शेवटच्या शब्दावर सगळ्या एकदम हसतात. त्यातली एक हसता हसता खोकते, आणि दुसरी कोणी तिला म्हणते, "पानी पे वं, मरशीन."

हे वाक्य आमच्या लिखित संहितेत नाही. भाषांतर करणाऱ्याने सोडून दिलं असावं. मी ते भरलं.

मनीषनगरला घरी परत येईपर्यंत आठ वाजले. पंखा बंद करायचे दिवस आल्यापासून फ्रिजचा आवाज मोठा वाटतो. मेकॅनिकला दाखवायला हवा.

८ डिसेंबर, सोमवार

रवींद्र सरांना सगळं सांगितलं. ते आमच्या शाखेचे प्रमुख. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझी चूक नाही. नियमात बसतं."

"नियमात बसतं. पण परिणाम उलटा झाला. ज्या बाईची टवाळी होऊ नये म्हणून झाकलं, तिचीच बदनामी झाली."

"मग वाहिनीला कळव. पण एक लक्षात ठेव, मूळ फुटेज बाहेर गेलं तर तुझी नोकरी जाईल आणि माझं कंत्राट जाईल. घरच्यांना ऐकवू का वगैरे विचारूसुद्धा नको."

मी वाहिनीच्या मानक विभागाला पत्र पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं. प्रतिक्रियेबद्दल आभार, सर्व संस्कृतींचा आदर हेच आमचं धोरण, आणि सोबत नियम अकराची प्रत. ती प्रत माझ्याकडे आधीच आहे. माझ्या टेबलासमोर लावलेली आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा घेऊन नागपूरलगतच्या वाडीला गेले. अधिवेशनामुळे रस्ते अडवलेले, स्कूटीला तासभर लागला. वेदिकाच्या सासूला, पार्वतीबाईंना, प्रत्यक्ष सांगितलं तर प्रश्न सुटेल, असा माझा अंदाज होता. रंभाबाईंना विचारलं नव्हतं.

खाली ट्रान्सपोर्टचं गोदाम, वर घर. पार्वतीबाई खरोखर जाड आहेत. दारातल्या खुर्चीत बसून त्या खालच्या हमालांना हाका मारत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला आत नेऊन बसवलं, वेदिकाला चहा ठेवायला सांगितलं.

मी म्हटलं, "झाकलेले शब्द अश्लील नव्हते. 'पोत्यावानी पोट' आणि 'हत्तीण', एवढेच होते."

हे शब्द मी त्यांच्यासमोर बसून म्हणते आहे, हे मला म्हटल्यावर जाणवलं.

त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "मी जाडी आहो. घरी आरसा हाय माह्या. माह्या सासूले माह्या मायनं याच्याहून खराब म्हटलं होतं, अन् सासूनं सूपभर साखर वाटली होती."

"मग?"

"मंग हेच तं, इतलूश्यासाठी कोनी झाकते का? तुम्हीच सांगा. त्या सिनेमात नदीवरची बुढी उघडी दाखवली. तिले झाकलं नाही. जे लोकं नागडं दाखवतात, त्यायलेही जे दाखवाची लाज वाटली, ते काय असन?"

त्यांच्या म्हणण्यात चूक कुठे आहे ते मला सापडलं नाही. कोणताही माणूस असाच हिशोब करील.

"लग्नात तुम्ही ऐकलं नव्हतं?"

"मी आत पूजेवर बसली होती. बाहेर बँड. बाया हासल्या तेवढं ऐकू आलं. मीही हासली. दोन वरसं मी हासली ना बाई, मले माहीत नव्हतं काऊन हासून राहिली ते. आता माह्या जावा तोंडावर पदर घेऊन 'पीं' म्हनतात. हमालही म्हनतात."

खरंच, तेवढ्यात खाली कोणीतरी ट्रक मागे घेताना तोंडाने तसा आवाज काढला आणि दोघे हसले. ते त्यांना उद्देशून होतं की नाही, हे सांगता येणार नाही. पार्वतीबाईंनी खिडकी लावून घेतली.

"मी सांगते ते खरं आहे," मी म्हटलं.

"असन. पन तुम्ही त्यायच्याच मानूस. झाकनारा हात तुमचाच. मले माह्या कानानं ऐकू द्या. ज्यायच्यासमोर ते पीं वाजलं, त्या जावा, त्या शेजारनी, सातआठ बाया मी बसवतो. त्यायच्यासमोर एकदा वाजवा. तसंच निघालं, तं मी सोता साखर घेऊन पोरगी पोचवाले जाईन. नाही ऐकवू शकत, तं बाळंतपन इथंच."

जिन्यात वेदिका पाठोपाठ आली. पोटावर हात ठेवून उभी राहिली. "आईले सांगजा, मी बरोबर जेवून राहिली." एवढंच. ती जेवते की नाही हा प्रश्न कोणी काढलाच नव्हता. तरी पार्वतीबाईंची अट सांगून झाल्यावर हा निरोप रंभाबाईंना फोनवर शब्दशः कळवला. त्या म्हणाल्या, "बरं. ठेवतो."

१२ डिसेंबर, शुक्रवार

तांत्रिकदृष्ट्या गोष्ट सोपी आहे. एकवीस सेकंद. फाइल फोनवर घ्यायला दोन मिनिटं लागतील. आमच्या यंत्रणेत कोणी काय उतरवून घेतलं याची नोंद राहते. ती नोंदयंत्रणा बसवताना चाचण्या मी केल्या होत्या. चांगली चालते.

१३ डिसेंबर, शनिवार

रंभाबाईंनी जेवायला बोलावलं होतं. वांग्याची भाजी आणि भाकरी. मी नाही म्हटलं. प्रकरण चालू असताना संबंधितांच्या घरी जाणं योग्य नाही.

दुपारी भाताचा कुकर लावला. चव नव्हती. मीठ टाकायचं राहिलं होतं, नंतर लक्षात आलं.

१४ डिसेंबर, रविवार

बाबांचा फोन, तीन मिनिटं. त्यानंतर लगेच रंभाबाईंचा.

"पोरी, एक सांगाचं होतं. ते गान्याचं राहू दे आता."

"का?"

"आमच्या ह्यायनं परवा येऊन खाली तुमच्या चौकीदाराले इचारलं. तो म्हने, फाइल बाहेर काढली तं बाईले काढून टाकतीन. राहू दे. पार्वतीबाईच्या घरीही बाळंतपन होईन. तिथं दवाखाना जवळ हाय. माही पोरगी काही जंगलात नाही हाय."

"पण तुम्हाला तिला आणायचं आहे."

"आनाचंच होतं. खोलीले चुना लावला. बाज इनून घेतली. पन एका पोरीसाठी दुसऱ्या पोरीचं नुकसान करू काय मी? तू एकटी राह्यते. तुले कोन पाहीन?"

मी म्हटलं, मी स्वतःचं पाहते.

"हाव, माहीत हाय वं. म्हनूनच म्हनून राहिली."

सहा मिनिटं. नंतर मी फोन हातात धरून बसले होते. किती वेळ, ते पाहायचं राहिलं.

रंभाकाकूंनी अकरा दिवसांत मला नऊ फोन केले. त्यातला एकही रागाचा नव्हता. हे आज यादी केल्यावर दिसलं.

१५ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात लवकर गेले. वाहिनीला पुन्हा लिहायचं ठरवलं, या वेळी विभागप्रमुख बाईंच्या नावाने. रवींद्र सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तू विचार कर." मी म्हटलं, केला. ते म्हणाले, "चार वर्षांत तुझी एकही चूक नाही गं." मी म्हटलं, एक आहे. ती कुठल्या रकान्यात बसली नाही, एवढंच.

इंग्रजीत करण्याआधी पत्र मराठीत लिहून ठेवते. मला नक्की काय म्हणायचं आहे ते त्याशिवाय मला समजणार नाही.

महोदया,

तुमच्या माहितीपटातील लग्नगीतावर मी तुमच्या नियम अकराप्रमाणे दोन ठिकाणी आवाज टाकला. जाड व्यक्तीचा अपमान होऊ नये हा त्या नियमाचा हेतू आहे आणि तो चांगला आहे. मूळ गाण्यात जिला चिडवलं आहे, तिला त्या शब्दांचं काही वाटत नाही. तिने ते मला समोर बसून सांगितलं. झाकल्यामुळे मात्र शब्द अश्लील होते असा समज झाला, आणि दोन वर्षांपूर्वी ज्या गाण्यावर ती हसली होती, त्यावरून आता लोक तिला हसतात. हे नुकसान तुमच्या नियमाने आणि माझ्या हाताने मिळून झालं आहे. मी फक्त काढलेलं तपासलं, उरलेलं ऐकलं नाही, ही चूक माझी आहे. तुमच्या यादीत जे आहे त्याचा त्या घरात कोणाला त्रास नव्हता, आणि गाणारीला ज्याची खरोखर लाज वाटते, तो घसरलेला पदर, तुमच्या यादीत नाही. त्याच्या एक्केचाळीस चौकटी तुम्ही काढाव्यात, अशीही विनंती आहे.

आत्ता मागणी एवढीच. मूळ एकवीस सेकंदांचा ध्वनी वाडी येथील एका घरात, सातआठ स्त्रियांसमोर, एकदा ऐकवण्याची परवानगी द्यावी. प्रत कोणाला दिली जाणार नाही. फोन माझ्या हातात राहील. एक गरोदर मुलगी तिच्या आईकडे जाऊ शकेल की नाही, हे त्यावर ठरणार आहे. बावीस तारखेनंतर परवानगीचा उपयोग नाही.

परवानगी मिळाली नाही, तरी शनिवारी सकाळी अकरा वाजता मी तो ऐकवणार आहे. हे लपवून करायचं नाही म्हणून आधी कळवते. जबाबदारी माझी एकटीची आहे. रवींद्र सरांचा आणि कंपनीचा त्यात सहभाग नाही, आणि फाइल उतरवल्याची नोंद तुम्हाला माझ्या नावावरच सापडेल.

मला ते परवानगीने करायचं आहे. तरी कृपया हो किंवा नाही, ते शुक्रवार, १९ डिसेंबर, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कळवावं.

अदिती